शनीसाठी धारूरच्या माळावर

केजजवळच्या एका गावात सोमलिंगआप्पांनी एकतीस वर्षं दूध संस्थेचं सचिवपद सांभाळलं. २०१६च्या उन्हाळ्यात गावातली जनावरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली, आणि संस्थेला कुलूप लागलं. पत्नी नीलम्मा तीन वर्षांपूर्वीच वारली होती, मुलगा पुण्याला होता. पण आप्पांची पहाटे चारची जाग काही सुटेना. दूध घेऊन कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही ते ओट्यावर येऊन बसत. दक्षिणेला एक पिवळसर तारा दिसे, जराही न लुकलुकणारा. तो कोणता, हे विचारावं असं गावात कुणी नव्हतं.

म्हणून धारूरच्या माळावर अमावास्येला आकाशदर्शन असल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा दोन भाकरी बांधून ते एसटीनं निघाले.

माळावर औरंगाबादहून आलेली तीसेक हौशी माणसं होती, सगळी एकमेकांच्या ओळखीची. आप्पा रांगेत शेवटी उभे राहिले. दुर्बिणीजवळच्या बाईंना त्यांनी आपल्या ताऱ्याबद्दल विचारलं. तो तारा नाही, शनी आहे, त्याची कडीसुद्धा दिसतील, असं त्या म्हणाल्या. आप्पा हरखले.

रांगेत त्यांच्यापुढे सहाच माणसं उरली आणि पश्चिमेकडून ढग आले. बघता बघता आभाळ भरलं, गार वारा सुटला. दुर्बिणींवर ताडपत्र्या टाकताना लोक ढगांना नावं ठेवू लागले. हे ढग जावेत, असं आप्पांच्याही मनात आलं.

माळाच्या कडेला राहणारी बायनाबाई सगळ्यांना चहा देत होती. ती किटली खाली ठेवून वर बघत राहिली.

"पडंल आता," ती आप्पांना म्हणाली. "लई दिसांनी असा वारा सुटला."

आप्पांना मान वर करवेना.

बाराला मंडळींनी सामान जीपमध्ये भरलं. स्टँडपर्यंत सोडू का, असं कुणीतरी विचारलं. आप्पा नको म्हणाले. कुणी आग्रह केला नाही. गाड्यांचे दिवे घाटात उतरले आणि माळावर ते एकटेच उरले.

तीनच्या सुमाराला एक थेंबही न पडता ढग फाटले. दक्षिणेला लाल मंगळ, लाल ज्येष्ठा आणि त्यांच्या शेजारी शनी. आप्पा उठून उभे राहिले. "ते बघा," म्हणून ते बाजूला वळले. बाजूला कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं बायनाबाई दोन घागरी घेऊन बाहेर आली. तिला शनी दाखवावा म्हणून आप्पांनी हात उचलला. पण ती आधीच वर बघत होती.

"गेलं की वो सगळं," ती म्हणाली.

आप्पांनी हात खाली घेतला. ती हापशावर नंबर लावायला निघाली होती. त्यांनी तिच्या हातातली एक घागर घेतली. राहू द्या म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. वाटेत तिनं विचारलं, "एवढ्या लांबून एकलेच काहून आलात?"

"घरी तरी कोण हाय," आप्पा म्हणाले.

हापशावर आधीच नऊ घागरी रांगेत होत्या. त्यांच्यामागे घागर टेकवून ते दगडावर बसले. पहिली एसटी सहाला होती.