नारळातल्या उवा

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारामागच्या बोळातलं धान्याचं गोदाम शनिवारी दुपारी बायका-पोरींनी खचाखच भरलं होतं. मधोमध पाण्यानं भरलेली पितळी परात. परातीपलीकडे चौरंगावर अंगात देवी येते म्हणणारी लक्कव्वा, आणि तिच्यापुढे मान खाली घालून बसलेली एक लहानगी पोर. लक्कव्वानं मूठभर काळा अंगारा तिच्या केसांत चोळला, लाकडी फणी मुळापासून शेंड्यापर्यंत ओढली आणि परातीवर झटकली. काळे काळे ठिपके पाण्यात पडले.

"नोडरी, नोडरी! बघा!" लक्कव्वा गरजली. "कोवळं रक्त पिऊन माजल्यात. आता माझ्या पाण्यात फुगून मरतात बघा!"

आणि खरंच, बघता बघता एकेक ठिपका फुगला. काळ्या टिंबाभोवती पांढुरका, बुळबुळीत गोळा तयार झाला. बायकांनी हात जोडले. एकीनं स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या.

"हुबळीत एवढे डाक्टर, जमतंय का एकाला?" लक्कव्वा म्हणाली. "औषधानं ऊ मरती. पाप मरत नाही. मी पापासकट ओढते. बा व्वा, या पुढं! दुसरी पोर आणा!"

दुसरी पोर आली. तोच अंगारा, तीच फणी.

मी गोकुळ रोडवरच्या कारखान्याच्या ऑफिसातून तशीच धावत आले होते. त्या गर्दीत मी माझी दीक्षा शोधत होते.

तिसरीच्या मुलींना उवा झाल्या होत्या. दर वर्षी होतात. डोक्याला डोकं लावून खेळणाऱ्या पोरी त्या. पण यंदा श्यामलाताईंनी मनावर घेतलं. त्यांची दीपश्री दीक्षाच्याच वर्गात, आणि हे गोदामही त्यांच्याच घरचं. आयांच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "उवा कुठल्या घरातून आल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवारी लक्कव्वा मूळ शोधून देईल. मुलीला जी आणणार नाही, तिची मुलगी आमच्या मुलींशेजारी बसणार नाही."

मी लिहिलं, मी दर रविवारी दीक्षाचे केस ओले करून बारीक फणीनं विंचरते, तिच्या डोक्यात काही नाही. त्यावर एकीनं नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मी कामावर असताना सासूबाईच तिला इथं घेऊन आल्या होत्या. लक्कव्वाच्या नेमाप्रमाणे पिशवीत नारळही होता. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई! पण नातीशेजारी कुणी बसणार नाही म्हटल्यावर त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

दीक्षा दिसली. भिंतीशी, एकटी, पोत्यावर बसवलेली. तिच्याभोवती एवढी मोकळी जागा होती की त्या दाटीतही चार बायका तिथं सहज मावल्या असत्या. दोन वेण्या तिनं छातीशी घट्ट धरल्या होत्या. मी हाक मारायच्या आत श्यामलाताईंनी तिला दंडाला धरून लक्कव्वापुढे आणलं.

"हीच ती?" लक्कव्वानं विचारलं.

"हीच. जयभीमवाल्यांची."

लक्कव्वानं या वेळी अंगाऱ्याच्या दोन मुठी घेतल्या. फणी एवढ्या जोरानं ओढली की दीक्षाची मान मागं गेली. परातीचं पाणी काळं झालं. मग सगळं फुगलं.

"सापडलं! हेच मूळ!" लक्कव्वा उभी राहिली. "हिचे केस उतरवा, सगळ्या पोरींच्या उवा आपोआप उतरतील."

"थांबा!" मी ओरडले. "माझी मुलगी आहे ती! वाट द्या!"

कुणी वाट दिली नाही. एक बाई मला म्हणाली, "केसच तर आहेत ओ अक्का, वाढतात की परत." दोघी-तिघी हसल्या. मी कोपरानं वाट काढत पोहोचले तोवर श्यामलाताईंनी पोती उसवायची कात्री चालवली होती. डावी वेणी जमिनीवर पडली. रिबिनीसकट.

दीक्षा रडली नाही. ती परातीत बघत होती. मी तिला कवेत घेतलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, हा सब्जा आहे."

"काय?"

"फालुद्यातला. बाबा पाजतात तो. तो पण असाच फुगतो."

"सुम्निर, गप्प बस!" लक्कव्वा ओरडली. "पोरीच्या तोंडून पाप बोलतंय! दुसरी वेणी कापा!"

मी परातीत बोट घातलं. एक गोळा उचलला आणि दाताखाली धरला. बायका किंचाळल्या. गुळगुळीत, मग कुरकुरीत. सब्जाच.

पण मी तसं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? मागं येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाईंच्या पिशवीतून मी नारळ काढला. चांगला दाट शेंडीचा होता.

"लक्कव्वा, याचं डोकं बघता का?"

"देवीची चेष्टा करतीस?"

"तुम्ही नाही, तर मी बघते." तिच्या वाटीतला अंगारा मी नारळाच्या शेंडीला चोळला, तिच्या हातातली फणी ओढून घेतली, शेंडी विंचरली आणि श्यामलाताईंनी आणून ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या तांब्यात झटकली. मग तो तांब्या पुढच्या रांगेत फिरवला.

"फुगायला लागलं की!" एक आज्जी म्हणाली. "अगं बाई! नारळाला उवा!"

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग गोदामभर हसू फुटलं. मघाशी माझ्या पोरीची वेणी पडताना ज्या हसल्या होत्या, त्याच सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या.

"अंगाऱ्यातच सब्जा मिसळलाय," मी म्हणाले. "कामकस्तुरी बी. याच बाजारात मिळतं. काळ्या राखेत दिसत नाही, काळ्या केसांत दिसत नाही. पाण्यात पडलं की फुगतं. ज्या पोरीला मूळ ठरवायचं, तिला दोन मुठी चोळायच्या. हसू नका, अजून झालं नाही."

मी माझा पांढरा रुमाल जमिनीवर पसरला आणि देवीची फणी त्यावर आपटली. सब्जाचे दाणे पडले तसेच पडून राहिले. पण त्यांच्यामधून काहीतरी चालायला लागलं. एक. मग आणखी. करड्या, पोट भरलेल्या.

"या खऱ्या. खरी ऊ चालते, बाई. मघापासून एकच फणी प्रत्येक पोरीच्या डोक्यातून फिरतेय. जिच्या डोक्यात नव्हत्या, तिच्याही डोक्यात आता असतील."

हसू तिथंच थिजलं. एकेकीचा हात आपल्या डोक्याकडे गेला. मग सगळ्या लक्कव्वावर धावल्या. तिचा अंबाडा सुटला, परात कलंडली. ती मागच्या दारानं पळाली. मघाशी स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतलेल्या बाईनंच लक्कव्वाचीच चप्पल तिच्या पाठीत हाणली. श्यामलाताईंच्या हातात कात्री तशीच होती.

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांच्या भल्यासाठीच केलं."

दीक्षाला 'चुकलं' असं एकाही बाईनं म्हटलं नाही. पडलेली वेणी सासूबाईंनी उचलली आणि पदरात गुंडाळली. घरी आल्यावर उजवी वेणी मीच कापली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. तेव्हा मात्र दीक्षा रडली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी केस ओले करून पुन्हा विंचरले. लक्कव्वाच्या फणीनं तिला दोन उवा दिल्या होत्या. तिच्या आयुष्यातल्या पहिल्याच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्यामलाताई दारात आल्या. सोबत दीपश्री, दोन्ही हातांनी डोकं खाजवत.

"तुमची ती फणी जरा मिळेल का? उद्या परत करते."

"फणी नाही मिळणार. एकीची फणी दुसरीच्या डोक्यात गेली की ऊही तिकडं जाते. मुलीला बसवा, मी दाखवते. मग तुम्ही तुमची घ्या."

त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या. आत आल्या नाहीत. दीपश्री मात्र आली आणि माझ्या पुढ्यात बसली.

"काकू, दुखेल?"

"नाही गं बाळा."

दीक्षा पांढरा कागद घेऊन आली. मी दीपश्रीचे केस ओले केले, खोबरेल लावलं, मुळापासून बट-बट करून विंचरलं, आणि दर वेळी फणी कागदावर पुसली. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या तिच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहिले. दर तीन-चार दिवसांनी असं, दोन आठवडे, कारण लिखा मागाहून फुटतात. घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची. फणी नंतर दहा मिनिटं कढत पाण्यात बुडवायची, ही माझीही मी तशीच बुडवणार. नाहीच गेल्या तर डॉक्टरला विचारून औषध. रॉकेल नको, शेतातलं कीटकनाशक तर नकोच, त्यानं लेकरू जिवानिशी जातं.

"चालतायत!" दीक्षा कागदावर वाकून म्हणाली. दीपश्रीही वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागणार, तेवढ्यात मी मध्ये हात घातला.

"पाणी घ्याल?" मी श्यामलाताईंना विचारलं.

"नको. उशीर होतोय."

मला त्यांना एवढंच सांगायचं होतं आणि तुम्हालाही तेच सांगते. ऊ घाणीनं होत नाही, पापानं होत नाही, जातीनं तर नाहीच नाही. ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत येते आणि फणीनं निघते. कुणी म्हणालं, मूळ शोधून देतो, लेकराची मान वाकवा, तर वाकवू नका. आधी त्याला मूठ उघडायला सांगा.