टीव्हीवाले बघायला आले तेव्हा

आमच्या वडगाव रासाईत मुलगी बघायला पाहुणे येणार असले, की आदल्या दिवशीपासून भावकी कामाला लागते. कुणाच्या घरून खुर्च्या येतात, कुणाच्या नव्या कपबशा, कुणाची बोरमाळ. ज्याचं घर चांगलं त्याच्याकडं बैठक बसते. घरात कुणी आजारी, कुणी दारुडा असला तर त्याला त्या दिवशी मळ्यात धाडतात. यात कुणाला लबाडी वाटत नाही. आज त्यांच्या खुर्च्या आपल्याकडं, उद्या आपल्या त्यांच्याकडं. हे आधी सांगते, कारण आज मला नावं ठेवणाऱ्या बायांनी आपापल्या लेकी अशाच उजवल्यात.

ज्ञानदेव माझा लेक. आम्ही धनगर. माझ्या सासऱ्यांनी मेंढरं विकून नदीकाठी जमीन धरली, आता आम्ही शेवंती करतो, पण गजी नाच काही सुटला नाही. बिरोबाच्या जत्रेत ढोल लागला की ज्ञानदेवासारखा हलका पाय कुणाचा नव्हता. आई म्हणून सांगत नाही, बघणाऱ्यांना विचारा. दोन हजार तीन साली कामावरून येताना भांडगावजवळ हायवेला त्याची मोटरसायकल ट्रकनं उडवली. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो खाटेवर आहे.

थोरली नात शितल. तिला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी ती खाट बघितली आणि चहा न घेता उठले. दुसऱ्या वेळी मी बैठक तात्याबा भावजींच्या नव्या बंगल्यात घेतली. शितल खपली. आज तिला दोन पोरं आहेत.

धाकटी हर्षदा बापाच्या खाटेपाशी वाढली. तो खाटेच्या दांडीवर बोटांनी ढोल धरायचा, तोंडानं पाय सांगायचा, आणि ही अंगणात त्याप्रमाणं नाचायची. गजी हा गड्यांचा नाच. मी दोनदा तिच्या पाठीत धपाटा घातला. मग सोडून दिलं. त्या तासाभरात ज्ञानदेव माणसात असायचा.

दोन हजार आठ साली टीव्हीवर नाचाची एक स्पर्धा निघाली. सहा जण मालिका-सिनेमातले आणि सहा जण आपल्यासारखे, सगळे एका रांगेत. कोण राहणार, कोण जाणार ते लोकांच्या मेसेजवर. हर्षदा तेव्हा दौंडला कॉलेजात होती. पुण्याला निवडीला गेली आणि तिला घेतली. मुंबईत सात आठवडे टिकली. मालिकेत सुनेला छळणारी एक नटी होती, तिला लोकांनी हिच्या आधी घालवलं, तेव्हा मी गावात पेढे वाटले.

शेवटच्या चौघांत जो राहील त्याला ते लोक वर्षभर आपल्या कार्यक्रमांना घेणार होते. नाही राहिली तर घरी, आणि घरी म्हणजे पाहुण्यांपुढं पाट. पोरीनं फोनवर मला सांगितलं, "आज्जी, एवढा एक आठवडा निघू दी. मंग मला माघारी यायला लागणार न्हाई."

त्याच आठवड्यात फोन आला, की घरी येऊन आमचं शूटिंग करायचंय. हर्षदाला कळू द्यायचं नाही, तिला एकदम स्टेजवरच दाखवणार.

ज्ञानदेवानं ते ऐकलं आणि ललिताला, माझ्या सुनेला, दाढी करून द्यायला सांगितली. तिनं दाढी केली, पांढरा सदरा घातला. मी मात्र तात्याबा भावजींकडून बंगल्याची किल्ली घेऊन आले होते. ललिताच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, "आत्याबाई, हर्षी तिथं सारखं ह्यांचंच सांगती. ह्यांनाच बघायला येत आसतील ते."

मी म्हटलं, "शितलच्या येळंला चारच माणसं आलती, तर चहाबी पेली न्हाईत. आता तर सगळा महाराष्ट्र बघायला येतोय. सांगणं निराळं आन् दावणं निराळं."

ललितानं दाढीचं सामान आवरायला घेतलं. ज्ञानदेवानं नुसता हनुवटीवरनं हात फिरवला. बंगल्यावर जाताना मी आमच्या घराला बाहेरनं कडी लावली. पोरंटोरं आत शिरून गोंधळ नको म्हणून.

प्रगती नावाची एक काटकुळी पोरगी आणि कॅमेऱ्याची दोन माणसं आली. ती बंगला बघत राहिली, मग विचारलं, मेंढ्या कुठं आहेत. मी म्हटलं, तुझी आई जन्मायच्या आधी विकल्या. मी तात्याबांच्या सोफ्यावर बसले होते. गळ्यात त्यांच्या सुनेची बोरमाळ, मागं त्यांचा फ्रीज. प्रगतीनं विचारलं, हर्षदाचे वडील कुठं आहेत? मी सांगितलं, कामावर गेलाय, पुण्याला. घरच्या अडचणी विचारल्या. मी म्हटलं, आमाला काय कमी हाय?

ती पोरगी उठून बाहेर गेली आणि फोनवर बराच वेळ बोलली. परत आली ती हसतच. म्हणाली, आजी, फार छान बोललात, कॅमेऱ्याकडं बघून पुन्हा एकदा बोला. मी पुन्हा बोलले, पहिल्यापेक्षा ठसक्यात.

रविवारी कार्यक्रम लागला. आमच्याकडं लोडशेडिंग, म्हणून सगळी तात्याबांच्या इन्व्हर्टरवर जमली. ज्ञानदेवाला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं होतं. हर्षदा बापाचा फेटा बांधून नाचली. असं नाचली की माझ्याच हातातला पदर तोंडाशी गेला. नाच झाल्यावर तिनं बापाचं सांगितलं, खाटेची दांडी आणि बोटं. परीक्षक म्हणून बसलेली एक मोठी नटी डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात मागच्या पडद्यावर मी आले. कामावर गेलाय पुण्याला. आमाला काय कमी हाय.

कार्यक्रम सांगणारा हसला. म्हणाला, "हर्षदा, बाबा तर कामावर गेलेत. मग खाटेवर कोण आहे?"

पोरगी पडद्याकडं बघत होती. तिनं सोफा ओळखला होता. शितलच्या वेळी त्याच सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना तिनं चहा दिला होता. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी मनात म्हणत होते, सांग गं. हर्षदानं फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाली, "आज्जी सांगती ते खरं हाय."

मगाशी रडलेली नटी म्हणाली, की नाच खरा होता, पण माणूसही खरा लागतो. टाळ्या पडल्या.

इकडं खोलीत तात्याबा बिचारे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "वयनी, बंगला मातर झकास दिसला." ज्ञानदेव म्हणाला, मला घरी न्या. रात्री मी ताट घेऊन गेले तर तोंड भिंतीकडं करून पडला होता. म्हणाला, "मी कामावर गेलोय. आलो की जेवतो."

मेसेज मंगळवारपर्यंत चालणार होते. सोमवारी सकाळीच मी प्रगतीला फोन लावला. आयुष्यात कुणाला मी चुकले असं म्हटलं नव्हतं, तिला म्हटलं. या बाई, आमचं पत्र्याचं घर बघा, खाट बघा, मी खोटं बोलले हे माझ्या तोंडानं सांगते.

ती म्हणाली, "आजी, आम्हाला माहीत होतं. वेशीवरच्या टपरीवाल्यानंच सांगितलं होतं."

मग दाखवलं का तसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, खाटेवरचे वडील आणखी दोघा स्पर्धकांच्या घरी होते, तुमच्यासारखी आजी कुणाकडंच नव्हती. तिनं ते वाईट हेतूनं म्हटलं नाही. भाजीवाली मेथीची जुडी निवडून देते तसं म्हणाली. आता काही करता येईल का, तर नाही, पुढचा भाग तयार आहे. आणि तुमची तब्येत जपा.

गावानं मेसेज केले, ज्यांना मला हिणवायचं होतं त्यांनीसुद्धा. पण आमचं गाव ते केवढं. हर्षदा गेली आणि स्पर्धेतली दुसरी एक नटी, जिला धड गिरकी घेता येत नव्हती, ती राहिली.

मी तिला आणायला दौंडला स्टेशनवर गेले. तिनं पाया पडून पिशवी माझ्याकडं दिली. जीपमध्ये मी विचारलं, खरं का नाही बोललीस? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तू एवढी नटून बसली हुतीस. लोकांपुढं तुला खोटी कशी पाडू?" चिडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं कमी नाहीत.

याला आता आठ महिने झाले. ती पहाटे शेवंती तोडते, दिवसभर बापाचं करते. अंगणात कुणी नाचत नाही आणि ज्ञानदेव नाच म्हणत नाही. कॉलेजचं नाव तिनं स्वतःच काढून टाकलं. दोन स्थळं आली होती. दोघांनीही टीव्हीतली ती खोटारडी पोरगी हीच का, असं आधी फोनवर विचारून घेतलं आणि आलेच नाहीत.

पुढच्या बुधवारी न्हावऱ्याचे पाहुणे यायचेत. मुलगा बिजवर आहे. काल मी तिला विचारलं, बैठक कुठं घ्यायची, आपल्या घरी की बंगल्यात. ती फुलांच्या गड्ड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला बरं वाटंल तिथं घे, आज्जी."