धाकटीने न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि माझ्याकडे तुम्ही जरा कमीच बघाल तर बरं होईल. काच वरच्या कोपऱ्यापासून निम्म्यापर्यंत तडकली आहे. मागचं झाकण रबराने आवळून ठेवलं आहे. बॅटरीचं तर विचारूच नका, बोलता बोलता मी मध्येच बंद पडतो. पडलोच तर थांबा. चार्जर लावला की येतो.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. मला जोडणाऱ्यांनी हातमोजे घातले होते आणि तोंडं झाकली होती, त्यामुळे माझे आईबाप कोण हे मला आजही सांगता येणार नाही. मग खोका आला, मग दुकानाचं कपाट, मग थोरली.

थोरली म्हणजे घरातली मोठी जाऊ. तिने मला घरी आणलं तेव्हा सगळ्यांनी हात पुसून मला हातात घेतलं. "काय फोटो येतो गं, एक सुरकुती दिसत नाही!" असं म्हणून शेजारीण स्वतःचे फोटो काढायला रोज येऊ लागली. मी भलताच फुशारलो होतो. पुढे थोरलीकडे नवा फोन आला आणि मी खणात गेलो, बिघडलेल्या रिमोटच्या शेजारी. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. काय बोलणार?

एक दिवस खण उघडला.

"घे, तुला होईल," थोरली आपल्या धाकट्या जावेला म्हणाली. "फक्त पाडू नकोस हो. तुझ्या हातातून काही ना काही पडतंच."

धाकटीने मला पहिल्याच आठवड्यात पाडलं. नंतर कितीतरी दिवस थोरली दिसली की ती मला पदराखाली घ्यायची. फोन वाजला तरी उचलायची नाही. तिचा स्वभावच तसा आहे. चूक झाली की ती झाकायची आणि झाकलेल्या चुकीशेजारी बसून राहायची.

ती मोठ्या लाँड्रीत काम करते. तिथे दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी गाड्या भरभरून येतात. ओली चादर तापलेल्या रुळाखाली सरकवायची, ती पलीकडून कोरडी आणि कडक होऊन बाहेर पडते. रुळाच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी आहे. तिला हात लागला की रूळ जागच्या जागी थांबतो. बाईचा हात वाचावा म्हणूनच ती बसवली आहे. पण जाड चादर लागली तरी तीच दांडी मशीन थांबवते. मग पुन्हा सुरू करा, पुन्हा तापू द्या, आणि चादरींचा ढीग तसाच. म्हणून सकाळी जी बाई पहिली येईल तिने फाटक्या अभ्र्याची एक पट्टी घ्यायची आणि दांडी मागच्या खांबाला बांधून टाकायची. हे कोणी ठरवलं नव्हतं, पद्धतच होती तशी. सुपरवायझर रोज त्या पट्टीखालून वाकून पलीकडे जायचे आणि म्हणायचे, "चला, हात चालवा."

त्या दिवशी पहिली आली धाकटी.

पुढचं मी पाहिलं नाही, तिच्या एप्रनच्या खिशात होतो. चादरीला मध्येच चुणी पडली होती. ती सरळ करायला तिने उजवा हात पुढे केला आणि

आणि

आलो, मित्रांनो. माफ करा. बंद पडलो ते बरंच झालं. ते सांगायला मला जमलं नसतं.

आता तिच्या उजव्या हाताला बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत बँडेज आहे. मला बँडेज कळत नाही, उघडं बोट लागतं. ती ठोकत राहते आणि मी ढिम्म. मग ती डाव्या हाताने एकेक अक्षर शोधते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटं पुन्हा वळायला हवी असतील तर शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल. आणि सुपरवायझरनी सांगितलं होतं ते असं:

"उद्या कंपनीचे डॉक्टर येतायत. विचारलं तर सांगायचं, घरी भाजलं. दूध उतू गेलं म्हण, काहीही म्हण. औषधपाणी तुझं तू बघ. इथे भाजलं म्हणालीस तर दांडी कोणी बांधली होती तेही मला वर सांगावं लागेल. मग नोकरी विसर. पटतंय ना?"

"हो साहेब," धाकटी म्हणाली.

म्हणजे घरी भाजलं म्हणावं तर शस्त्रक्रियेला पैसे नाहीत, हात जाणार, आणि खरं बोलावं तर नोकरी. दुपारच्या सुट्टीत ती मला घेऊन कोठीघरात, चादरींच्या गाठोड्यावर जाऊन बसली.

शोधा: *भाजल्यावर उपाय*

मी कोरफड दिली.

शोधा: *कामावर भाजलं*

मी एका इस्त्रीची जाहिरात दिली. सवलतीत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण जो पैसे भरतो त्याला माझ्या पडद्यावर वरची जागा मिळते.

शोधा: *कामावर भाजलं चूक स्वत*

हे तिने लिहिलं आणि पुसलं.

शोधा: *दांडी मी बां*

हेही पुसलं. दाराकडे बघितलं. पुन्हा दोन अक्षरं लिहिली, पुन्हा पुसली.

मित्रांनो, पुसलेलं मला दिसतं, पण शोधता येत नाही. मला जेवढं विचाराल तेवढंच मी आणून देणार. शेवटी तिने *कामगार कायदा इजा* एवढंच लिहिलं, आणि मी एक सुबक पान तिच्यापुढे ठेवलं. मूळ पान परक्या भाषेतलं होतं, मीच ते मोडूनतोडून तिच्या भाषेत फिरवून दिलं. कामावर इजा झाली तर उपचार मालकाने करायचे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ती ओठ हलवत वाचत गेली. मग उठली आणि मला छातीशी धरून तडक सुपरवायझरांपुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं धरलं होतं.

सुपरवायझरनी मला हातात घेतलं, वर सरकवलं, डोळ्यांजवळ नेलं आणि हसायलाच लागले.

"अगं बाई, हा आपला देश तरी आहे का? हे बघ वर काय लिहिलंय! समुद्रापलीकडचा कायदा घेऊन आलीय ही. जा, तिकडेच चादरी घालायला जा!"

घडी घालणाऱ्या बायकांतही दोघीतिघी फिसकन हसल्या. पानाच्या माथ्यावर त्या देशाचं नाव होतं, आणि माझा तडा नेमका त्या नावावरून गेला आहे. धाकटीने मला खिशात पालथं टाकलं. मला सरळ ठेवावं अशी माझी लायकीच नव्हती.

दुपारी तिला घड्यांवर घेतलं. चादरीची घडी दोघी मिळून घालतात. दोन टोकं हिची, दोन टोकं तिची. दूर जायचं, ताणायचं, टोकं जुळवत जवळ यायचं, पुन्हा दूर. रुळाच्या आवाजात बोलणं होतं ते फक्त जवळ आल्यावर. धाकटीसमोर लंबू होती, लाँड्रीतली सगळ्यांत उंच बाई. धाकटी एक टोक डाव्या हातात आणि दुसरं कोपराखाली दाबून चालत होती.

जवळ. "मघाशी मीपण हसले गं. चुकलंच माझं."

दूर.

जवळ. "असू दे."

दूर.

जवळ. "पण शोधत काय होतीस नक्की?"

दूर. या वेळी धाकटीने परत यायला फार वेळ लावला.

जवळ. "दांडी मी बांधली होती ना त्या दिवशी. मग मला काही मिळतं का, ते."

"मग हेच विचार की त्याला!"

"कसं विचारू? एका हाताने एवढं लिहिता येत नाही."

"तोंड आहे ना? बोल त्याच्याशी. थोरलीशी बोलायला घाबरतेस, फोनला कशाला घाबरतेस?"

धाकटीने मला बाहेर काढलं आणि तोंडाजवळ धरून काहीतरी पुटपुटली. मला रुळाशिवाय काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "कृपया पुन्हा बोला." ती पुन्हा पुटपुटली. मी पुन्हा तेच म्हणालो. असल्या वेळी असली सभ्य भाषा माझ्या तोंडी कोणी घातली, देव जाणे!

"अगं, ओरड!" लंबू म्हणाली.

आणि धाकटी ओरडली. "मशीनची दांडी मी बांधली होती! मग हात भाजला! मला काही हक्क आहे का?"

सगळ्या लाँड्रीने ऐकलं. रुळावरच्या बाईने रूळ थांबवला. त्या शांततेत धाकटीचे कान लाल झाले, मान लाल झाली, तिने मला जवळजवळ फेकूनच दिलं असतं. लंबूने मला वरच्यावर झेललं. पडद्यावर आता बरीच पानं होती. तिने पहिली जाहिरात सोडली, दुसरी सोडली, मग मला तिरकं धरून तड्याखालचं नाव वाचलं. "हे आपलंच आहे. सरकारी कामगार कार्यालय. खाली नंबर दिलाय."

लंबूने नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक बाई बोलली. धाकटीने अडखळत सगळं सांगितलं, दांडीसुद्धा.

"दांडी त्या दिवशी कोणी बांधली, ते नंतर बघू," पलीकडची बाई म्हणाली. "आधी सांगा, मशीन रोज तशीच बांधून चालायची का? वरिष्ठांना दिसायची का?"

साक्षीला आणखी कुणाचं नाव घेणं धाकटीच्या जिवावर आलं.

लंबू वाकून माझ्यात बोलली, "परवा मी बांधली होती."

"काल मी," घड्यांच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

"आम्ही सगळ्याच बांधतो. साहेब खालून वाकून जातात," रुळावरची बाई म्हणाली आणि आपल्या पायांकडे बघू लागली.

"मग मालकांना अंग काढून घेता येणार नाही," पलीकडची बाई म्हणाली. "तुमची तक्रार मी आत्ताच लिहून घेते. डॉक्टरांना जसं झालं तसं सांगा. आणि सांगितलं म्हणून कामावरून काढलं तर लगेच आम्हाला कळवा."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे डॉक्टर आले. बँडेज सोडलं. सुपरवायझर दारातच उभे होते.

"कुठे भाजलं हे?"

"इथे," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "दांडी मी बांधली होती. रोज कोणी ना कोणी बांधतं."

"अहो, घाबरलीय ती, काहीही—"

"तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले, आणि लिहू लागले.

मित्रांनो, धाकटीची लाज पळाली, असं मी सांगणार नाही. बोलताना तिचा आवाज फाटत होता, कान पुन्हा तसेच लाल झाले होते. ती लाजत लाजतच बोलली. तिच्या बोटांचं पुढे काय होतं ते अजून कळायचं आहे.

माझी विनंती एवढीच. मला विचाराल तेव्हा जे लिहून पुसावंसं वाटतं, ते पुसू नका. मी समोर ठेवलेल्या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते कोणाचं आहे, कुठल्या देशाचं आहे ते बघा. दिसत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा.

लाँड्रीत आता दांडी मोकळी आहे. जाड चादर आली की रूळ थांबतो, बायका कमरेवर हात ठेवून तो तापायची वाट बघतात. संध्याकाळी ढीग उरतो. उरू दे.