सोजराबाईची काठवट आन् गाठीची भाकर

चुलीची शप्पथ, वरवंट्याची शप्पथ, ज्या बाभळीतनं मला कोरलं तिच्या काट्याची शप्पथ घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माज्या बुडाला वाळवी लागू दे.

मित्रांनो, मी एक जुनी काठवट हाय. पीठ मळायची लाकडी परात म्हणा. राजेश्वर गावच्या सिद्धलिंगप्पा सुतारानं मला कोरलं. मी एवढी मोठी व्हते, की हळ्ळीखेडला आणताना वाटंत ऊन लागलं तवा दोन्ही बैलं माज्या सावलीला बसली.

सोजराबाईच्या घरात मी भाकरीला लागले. रोज सकाळी तिचा तळहात माज्या पोटावर फिरायचा, बांगड्या वाजायच्या. तो आवाज ऐकला की शेळी आपणहून दूध द्यायला उभी ऱ्हायची.

तवा आपला भाग म्हैसूर राज्यात व्हता. सोजराबाईची लेक कमळ गुलबर्ग्याला दिलेली. पोटुशी ऱ्हायली आन् पाचव्या म्हैन्यातच ती माहेरी आली, कारण पोटात अन्न ठरत नव्हतं. भाकरी नको, भात नको, लिंबाचं लोणचंबी नको. मनगटं इतकी बारीक झाली, की बांगड्या कोपरापोत्तर चढायच्या. सुईण यल्लम्मानं पोट चाचपलं आन् सोजराबाईला बाजूला घेतलं. "हिचं मन कशावर हाय ते इचार, आन् तेच घाल. न्हाईतर दोन्ही जीवांचं अवघड हाय."

कमळचं मन कशावर असावं? गुलबर्ग्यात तिच्या शेजारी जर्मनीची एक नर्सबाई ऱ्हायची. ती घरीच एक भाकर करायची. पिठाची दोरी वळायची, हाताची घडी घातल्यावानी गाठ मारायची, वरनं खडेमीठ. बाई तिच्या देशाला गेली, चव कमळच्या जिभंवर ऱ्हायली.

"आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, मग भाजायची," कमळ म्हणाली.

"भाकरीला न्हाऊ घालायचं? बाळंतीण हाय का ती?"

सोजराबाई हसली, पण हुमनाबादहून मैदा मागवला. घमेल्यात वाळू तापवली, आत थाळीत गाठी, वर ताट, ताटावर निखारे. गाठी झाल्या निव्वळ दगड. कमळचा बाप उद्धवराव, गळ्यात तुळशीची माळ, बोलायला कंजूष. त्यानं एक उचलून उंबऱ्यावर आपटली.

"बैलाला नाल ठोकायला बऱ्या हायत."

कोण हसलं न्हाई. कमळनं एक तुकडा मोडला आन् ताट सरकवलं. म्हणाली, त्या मऊ असत्यात, पीठ फुगलेलं, आंबूस वासाचं, आन् साल पापडावानी लागती. मग भिंतीकडं तोंड करून निजली.

पापड म्हणल्याबरुबर सोजराबाईला पापडखार आठवला. तो उकळत्या पाण्यात टाकायचं ठरलं. पण पीठ फुगवायचं कशानं? शेजारची चंद्रम्मा म्हणाली, आमच्या माहेरी ताडीवानी आंबलेली सिंदी घालत्यात. सोजराबाईनं कानावर हात ठेवले. माळकऱ्याच्या ह्या घरात सिंदीच्या पानाचा झाडूबी येत नव्हता. भाईर उद्धवराव बैलांच्या जूला तेल लावायलता. थोड्या वेळानं तो पेंड आणतो म्हणून गेला. पेंड काय आली न्हाई.

सांजंला सोजराबाई चूल पेटवायला आली, तर माज्याजवळ झाकलेला तांब्या. चंद्रम्मानं मागल्या दारानं आणून ठेवलेला. सोजराबाईनं वास घेतला, इकडंतिकडं बगितलं आन् मैद्यात ओतला.

मग काय सांगू. मला चढली. चुलीला तीन फेऱ्या घालून मी गरागरा नाचले, उखळाला डोळा मारला. सकाळपोत्तर पीठ असं फुगलं, की आढ्यावरची मांजर त्याच्यावर पाय ठिवून खाली उतरली.

उद्धवराव दारात येऊन उभा. सोजराबाई पीठ झाकत म्हणाली, "ताकानं फुगलंय."

"लई चांगलं ताक हाय," त्यो म्हणाला आन् गेला.

गाठी न्हाल्या, भाजल्या, वरनं तांबूस झाल्या. कमळनं एक खाल्ली. सगळे तिच्या गळ्याकडं बगत बसले. घटकाभर गेली. पोटात ठरलं.

"आई, अजून हाय का?"

सोजराबाई माज्यावर वाकून रडली. भाकरीवरच्या मिठापरीस ते पाणी खारट व्हतं.

पुढं कमळला लेक झाली. बारशाला सोजराबाईनं चंद्रम्माची खण-नारळानं वटी भरली. तिनं कामून म्हणून इचारलं न्हाई, घेतली.

मग स्टीलची परात आली. मी आता शेळ्यांच्या खोपटात हाय, माज्यात कोंबडी अंडी घालती. पोटाला चीर गेलीय. मित्रांनो, घरातल्या जुन्या लाकडाला वरसातनं एकदा तरी गोडंतेल चोळा. त्यानं घरातलं लई बगितलेलं असतंय, आन् कुणाला सांगितलेलं नसतंय.

आता शप्पथ घेतलीय तर एक कबूल करते. नाचले ते खोटं न्हाई, ते खरंच हाय. पर तांब्या चंद्रम्मानं आणला नव्हता. सोजराबाई मरस्तोवर तसंच समजायची, म्हणून मीबी तसंच सांगत आले. त्या सांजंला सैपाकघरात मी एकटीच व्हते. उद्धवराव मागल्या दारानं आला, पाय धुळीनं भरलेले. तांब्या माज्याजवळ ठिवला, हात धुतले, आन् खिशातली माळ काढून परत गळ्यात घातली.