एकशे एकवीसचा रकाना

मित्रांनो, दाताच्या दवाखान्यात गेलात की तुमचं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे असतं. तिच्या पलीकडे पडद्यामागे एक लहान खोली असते, तिकडे कोण बघतो? मी तिथेच बसलेला असतो. मी एक जुना ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारांना कडक वाफ देऊन त्यांच्यावरचे जंतू मारणारं यंत्र. अंगाने पिंपासारखा, पुढे गोल दार, कपाळावर तपमानाचा काटा. रूप यथातथाच, पण स्वभाव तापट, आणि तापट असणं हाच माझा धंदा.

कारखान्यात मला पाण्याने भरून, दाब देऊन, कुठे गळतो का ते पाहिलं. मी गळलो नाही, म्हणून माझ्या छातीवर क्रमांक ठोकला. दोन हमालांनी मला जिन्यावरून या दवाखान्यात आणलं तेव्हा एकाचा अंगठा माझ्याखाली चिमटला. तो मला काय म्हणाला ते मी तुम्हाला सांगणार नाही.

डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या. त्यांच्या मदतीला ताई होत्या. पेशंटपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. वापरलेली हत्यारं ताई घासायच्या, पुसायच्या, कागदी पाकिटांत बंद करून माझ्या पोटात ठेवायच्या. काटा एकशे एकवीस अंशांवर चढला की मी तिथे वीस मिनिटं दम धरायचो. पाकिटावर एक गुलाबी खूण असते, पुरेशी वाफ लागली की ती तपकिरी होते. मग ताई काटा बघून वहीत आकडा लिहायच्या आणि सही करायच्या. ही वही म्हणजे दवाखान्याचा प्राण. परवाना नवा करायच्या वेळी तपासणी अधिकारी आधी तीच मागतात.

अशी सतरा वर्षं गेली. वहीत दर ओळीत एकशे एकवीस. एकदा ताई डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "मॅडम, माणसं दगा देतील, पण हा नाही द्यायचा." मी इतका फुगलो की विचारू नका. मित्रांनो, त्या कौतुकानेच आमचा घात केला. ताईंना वाटलं, आकडा तोच यायचा आहे, मग दर वेळी उठून काटा कशाला बघा? त्या रोज सकाळी आल्या आल्याच दिवसभराचे रकाने भरून सह्या करू लागल्या. पाकिटांच्या फाडलेल्या खुणा कापसाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या आणि शनिवारी बसून वहीत चिकटवायच्या. कामचुकार नव्हत्या हो त्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच.

इकडे माझ्या दाराचं रबर वाळत चाललं होतं. वाफ खालून निसटायची, मी सूं सूं करायचो. "म्हातारा कुरकुरतोय," ताई हसून म्हणायच्या. मला राग यायचा, पण सांगणार कुणाला?

परवान्याची मुदत संपत आली आणि तपासणीचं पत्र आलं. आदल्या दिवशी दवाखान्यात नुसती धांदल. फरशी दोनदा पुसली, फायली लावल्या, भिंतीवर नियमांचा तक्ता नवा चिकटवला. त्या गडबडीत संध्याकाळी मी एकशे दहावरच धापा टाकत बसलो, आणि ताईंनी पाकिटं न बघताच काढून ट्रेमध्ये ठेवली. वहीत सकाळपासूनच एकशे एकवीस लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला तपासणीचे साहेब आले. खुर्चीत सात वर्षांची एक मुलगी दाढ काढून घ्यायला बसली होती. साहेबांनी वही चाळली. "छान ठेवलीय वही," ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. त्याच वेळी ताई पाकीट फाडायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला. खूण गुलाबीच होती.

गप्प राहून त्या पाकीट बाजूला सारू शकल्या असत्या. सहीला अर्धं मिनिट उरलं होतं.

"मॅडम, ही पाकिटं नका घेऊ," ताई म्हणाल्या. "कालची वाफ नीट लागलेली नाही."

"वहीत तर एकशे एकवीस आहे," साहेब म्हणाले.

"ते मी सकाळीच लिहिलेलं असतं, साहेब. रोजच लिहिते."

साहेबांनी पुढचं पान उलटलं. त्यावर आजच्या संध्याकाळी पाचचा आकडा सहीसकट हजर होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन परत खिशात ठेवलं. आज दाढ काढायची नाही हे कळल्यावर ती मुलगी तेवढी खूश झाली.

आधी कुणासाठी असं पाकीट वापरलं गेलं होतं का? डॉक्टरबाईंनी विचारलं. ताईंनी कापसाचा डबा टेबलावर उपडा केला आणि तिघांनी एकेक खूण पाहिली. सगळ्या तपकिरी. वहीत आधी चिकटवलेल्याही तपकिरी. म्हणजे आजवर वापरलेली सगळी पाकिटं निर्जंतुक होती.

साहेब म्हणाले, "यंत्र दुरुस्त करा. पंधरा दिवस चालवून खरी वही दाखवा. तोपर्यंत एकही पेशंट घ्यायचा नाही. त्या वहीतही काही चुकलं, तर परवाना विसरा."

संध्याकाळी ताई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "मी उद्यापासून येत नाही, मॅडम."

"मग वही कोण लिहिणार?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मीही कधी उघडून बघितली नाही ना? या उद्या वेळेवर."

मला नवं रबर बसलं. ताई माझ्यासमोर स्टूल घेऊन बसू लागल्या, काटा चढेपर्यंत हलायच्या नाहीत. इतकं टक लावून सतरा वर्षांत कुणी मला पाहिलं नव्हतं. पण नवव्या दिवशी वीज कमी दाबाने आली आणि मी एकशे चौदावर अडकलो. ताईंचं पेन रकान्यावर थांबलं. खरं लिहावं तर दवाखाना जाणार, डॉक्टरबाईंची सगळी मेहनत जाणार. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मला काही बोलता येत नाही. मग त्यांनी लिहिलं, "११४. पाकिटं वापरायची नाहीत. पुन्हा लावलं." अक्षर जरा वाकडं आलं.

मित्रांनो, कुठलंही यंत्र घ्या, तुमची सायकल घ्या, ते कधी बिघडत नाही म्हणून त्याचं कौतुक करू नका. रोज एकदा त्याच्याकडे नीट बघा आणि जे दिसेल तेच लिहा.

पंधरा दिवसांनी साहेब आले. एकशे एकवीस, एकशे बावीस, एकशे एकवीस असं बोट फिरवत ते नवव्या दिवसावर थांबले. ताईंनी मान खाली घातली. साहेबांनी ती वाकडी ओळ दोनदा वाचली, पेन काढलं आणि म्हणाले, "आता या वहीवर माझा विश्वास बसला."