झाकण उघडण्याआधी

मित्रांनो, मी सिलिकॉनची एक जुनी, जळालेली चकती आहे. बिस्किटाएवढी रुंद आणि पुठ्ठ्याहून पातळ.

प्रयोगशाळेत मला बाईंनी आणले. त्या अणूच्या केंद्रकांचा अभ्यास करत. माझी तांब्याची चौकट त्यांच्या नवऱ्याने केली. तो तिथल्याच वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा कातारी होता.

"अहो, ती केसभरही हलता कामा नये हं."

"मला कधी एवढं जपलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही पडलात तरी फुटत नाही."

मग लोखंडी पेटीत, हवा काढलेल्या अंधारात माझे काम सुरू झाले. मोठ्या यंत्रातून वेगाने आलेली केंद्रके माझ्यात रुतून बसत. ती साधी नव्हती. त्यांत प्रोटॉन फार आणि न्यूट्रॉन थोडे असत. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, न्यूट्रॉन सांभाळून घेतात.

"म्हणजे भांडणारे दीर घरभर आणि समजूत घालायला वहिनी एकटी," कातारी म्हणे.

"एकटी वहिनी किती पुरणार?" बाई हसत.

असे घर टिकत नाही. पापणी लवायच्या आत ते मोडते, प्रोटॉन बाहेर फेकला जातो आणि मला टोला बसतो. तो टोला बाई पडद्यावर पाहत. त्यांना एक दुर्मिळ केंद्रक हवे होते. त्यातून दोन प्रोटॉन जोडीने बाहेर पडतात, असा त्यांचा हिशोब होता.

रुतणारे प्रत्येक केंद्रक मला जखम करी. हळूहळू मी टोला नसतानाही पडद्यावर उगाचच कुरकुरू लागले. विभागाचे साहेब म्हणाले, "ही थकलीय. फेकून द्या. पुढच्या वर्षी नवी येईल."

बाईंच्या डोक्याला तेव्हा रुमाल असे. औषधांनी केस गेले होते. "डॉक्टर मलाही थकलीय म्हणतात, साहेब. अजून फेकलं नाही कोणी. आणि पुढचं वर्ष माझ्याकडे नाही."

एके दुपारी तो टोला बसला. जोडीचा. बाई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. नवऱ्याला बोलावून त्यांनी पडदा दाखवला. साहेब मात्र म्हणाले, "एकानं काय सिद्ध होतं? दुसरं दाखवा." ते खरेही होते. म्हणून मी कामावर राहिले.

माझ्यावर व्होल्टेज असताना पेटीत हवा सोडायची नसते. आधी ते सावकाश उतरवायचे. कोणी विसरू नये म्हणून बाई झाकणाच्या दांडीला लाल चिंधी बांधत. ती त्यांनी स्वतःच सोडायची, असा तिथला रिवाज होता.

बाई दवाखान्यात गेल्या होत्या, त्या दिवशी पाहुणे आले. फोटो काढायचे होते. साहेब म्हणाले, "ती चिंधी काढा आधी, कसं दिसतं ते." चिंधी गेली. मग पाहुण्यांना आतले दाखवायला साहेबांनीच हवेची झडप फिरवली. हवा आत शिरली. माझ्यातून ठिणगी गेली आणि मी संपले.

बाई आल्या. झाकणाकडे पाहून त्यांनी विचारले, "व्होल्टेज उतरवलं होतं?"

साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो. तशीही ती थकलेलीच होती."

नवी चकती यायच्या आधी बाई गेल्या. शोकसभेहून परतताना साहेब जिन्यात कोणाला तरी म्हणाले, "तशाही त्या थकलेल्याच होत्या." मागून कातारी उतरत होता.

नव्या चकतीला दुसरा टोला मिळाला, मग तिसराही. साहेबांचा सत्कार झाला. मला भंगाराच्या डब्यातून कातारी घरी घेऊन आला. आता मी फळीवर, बाईंच्या चष्म्याशेजारी असते. त्यांनी पाहिलेल्या त्या केंद्रकाचे जे काही उरले, ते अजून माझ्यातच रुतलेले आहे. ते कोणाला दिसत नाही.

मित्रांनो, थकलेल्यांना जपा, असे मी सांगणार होते. पण ते तुम्ही पाठ कराल आणि विसराल. म्हणून एवढेच सांगते. झाकणाला कोणी चिंधी बांधली असेल, तर सोडण्याआधी बांधणारीला विचारा. ती दवाखान्यात असेल, तर येईपर्यंत थांबा.