खुर्शीदचाचांच्या होडीतला फ्युएल सेल

मित्रांनो, मी एक जुना फ्युएल सेल आहे. जुना म्हणजे अवघ्या पाच वर्षांचा; पण रत्नागिरीच्या कॉलेजातल्या या फळीवर मला विचारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही, म्हणून जुना.

मला इथल्याच शमिका मॅडमनी घडवलं. पातळ पत्र्यांची चळत आणि त्यांच्या मध्ये नाजूक पडदे. एका बाजूने टाकीतला हायड्रोजन यायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा. त्यांच्यातून मी वीज करायचो आणि माझ्या नळीतून गोडं पाणी ठिबकायचं. धूर नाही, धडधड नाही. माझ्याआधीचे तीन भाऊ टेबलावरच गेले. मी तगलो आणि पूर्णगडच्या खुर्शीदचाचांच्या मासेमारीच्या होडीत इंजिनाच्या जागी जाऊन बसलो.

चाचांची दोन्ही मुलं कुवेतला. घरी बोलायला कोणी नाही आणि दर्यावर डिझेल इंजिन बोलू देत नसे. माझ्यामुळे होडी गप्प झाली आणि चाचा बोलायला लागले, ते माझ्याशीच. "खाऱ्या दर्यात गोडा पानी देतोस रे तू," म्हणायचे. नळीखाली लोटा ठेवायचे आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाआधी त्याच पाण्याने हातपाय-तोंड धुऊन वजू करायचे. पुढे लांबून लोक मला बघायला आले, फोटो निघाले. मला मात्र त्या लोट्याचं अप्रूप जास्त होतं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात. इंजिन गंजू नये म्हणून हवेच्या तोंडातून आत तेल सोडतात आणि ताडपत्रीत घट्ट बांधून ठेवतात. चाचांच्या वडिलांपासूनची ही रीत. चाचांनी माझ्याही तोंडात मायेने तेल सोडलं. मी हवेवर जगतो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला आवाज कुठला? त्याचंच तर सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात गेली. चाचांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मी उठलो नाही. शमिका मॅडम आल्या, त्यांनी मला उघडलं.

"चाचा, आत तेल कसं आलं?"

"मीच घातला. इंजिनाला घालतो तसा. सुका कसा ठेवू त्याला?"

मॅडमनी माझं झाकण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, चाचा. तेल चालत नाही, हे मी सांगायला हवं होतं."

"मंजे आता नाय चालायचा?"

"नाही चालायचा."

मी या फळीवर आलो. माझ्यानंतर घडवलेल्या धाकट्या भावाच्या झाकणावर आता ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'तेल घालू नये'. चाचांच्या होडीत तो आहे. मला त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा त्याला काय लागतं ते आधी विचारून घ्या. माझं एवढंच मागणं आहे.

चाचा बाजाराला आले की इथे डोकावतात. पिशवीतून लोटा काढून माझ्या नळीखाली ठेवतात, थोडा वेळ बसतात आणि कोरडा लोटा उचलून निघून जातात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?